अबाधित नराचा दाखला

नर हा मुळात निर्दोष असतो. हे तत्त्व प्रथम कोणी मांडलं याची नोंद आमच्या कार्यालयात नाही, पण ते इतकं जुनं आणि सर्वमान्य आहे की नोंद करण्याची गरज कोणाला वाटली नसावी. मूल झालं तर त्याला नराचं नाव लागतं. नाही झालं तर मादीची तपासणी होते. इतकी सरळ व्यवस्था आपल्याकडे दुसऱ्या कोणत्याही खात्यात नाही. शेकडो वर्षं ती बिनतक्रार चालली आणि दोन वर्षांपूर्वी एका माशीमुळे तिच्यात अडथळा आला, म्हणून हे निवेदन.

मी नागपूरच्या फळमाशी नियंत्रण कक्षात वरिष्ठ लिपिक आहे. एकवीस वर्षांच्या सेवेत माझ्या टेबलावरून एकही फाईल हरवलेली नाही. (दोन सापडत नाहीत. हरवणं आणि न सापडणं यातला फरक लेखापरीक्षणवाल्यांना अजून समजलेला नाही.) आमचा कक्ष संत्र्यासाठी आहे. फळमाशी संत्र्याच्या सालीला भोक पाडून आत अंडी घालते, अळी होते, फळ गळतं आणि मग बागायतदार आमच्याकडे येतात. औषध मारून माशी मरत नव्हती. बागायतदार मात्र आमच्या खुर्च्या मोडत होते.

तेव्हा आमच्या प्रयोगशाळेतल्या डॉ. अरुंधती मॅडमनी नर माशीचं एक जनुक बदललं. जनुक म्हणजे काय, हे मी त्यांना तीन वेळा विचारलं. तिसऱ्या वेळी त्या वैतागून म्हणाल्या, "बापाकडून लेकराकडे जाणारी टिपणी समजा." हे मला तत्काळ समजलं. टिपणीतला एक शब्द बदलला की खालची सगळी कारवाई फिरते, हे मला कोणी शिकवायला नको.

हा बदललेला नर दिसायला एकदम धडधाकट. मादी दिसली की मागे मागे फिरतो, पाय लावून बघतो, पंख थरथरवून गाणं म्हणतो. (गाण्याचा कारभार वेगळ्या जनुकाकडे आहे. त्यात बिघाड झाला तर नर नुसता बसून राहतो, किंवा दुसऱ्या नरालाच गाणं ऐकवतो. असे नर बाद करण्यात आले.) सगळं रीतसर पार पडतं. त्यानंतर मादी दुसऱ्या नराकडे फिरकत नाही, वेळेवर अंडी घालते, आणि अंडी फुटत नाहीत. मादीला शेवटपर्यंत काही कळत नाही. संत्रं वाचतं.

इथवर सगळं ठीक होतं. मॅडमच्या कामाच्या पद्धतीत मात्र माशी शिंकली. काचेच्या नळीत जोडी ठेवली आणि अळी दिसली नाही, तर मॅडम आधी नर तपासतात. तोच नर नव्या तीन माद्यांबरोबर ठेवतात, दहा दिवस थांबतात, तरी अळी नसेल तर वहीत लिहितात: 'नर नापीक'. अगदी शाईने. मी त्यांना आदराने विचारलं की आधी मादीला बघायला नको का? तर म्हणाल्या, "नराची तपासणी सोपी असते हो. सोपी असते ती आधी करायची." शास्त्रज्ञ माणसं व्यवहाराला कच्ची असतात, म्हणून मी विषय वाढवला नाही.

भादव्यात पारशिवनी तालुक्यातल्या मौजा पिपळखुटी इथे दोन लाख नापीक नर सोडण्यात आले. आमच्या सल्लागार समितीचे अध्यक्ष भैय्याजी यांनी नारळ फोडला आणि हे नर शेतकऱ्यासाठी आपला वंश अर्पण करत आहेत असं सांगितलं, तेव्हा बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. आंबिया बहाराची (म्हणजे दिवाळीच्या सुमाराला येणाऱ्या संत्र्याची) फळगळ निम्म्यावर आली. आम्ही अहवालात 'समाधानकारक' हा शब्द लिहिला. तो आमच्या कक्षाने अकरा वर्षांनी वापरला.

मग दिवाळीनंतर गावात एक विचार पुढे आला. विचार असा: माशी संत्र्यावर बसते, संत्रं गावचे पोट्टे खातात, सबब जे माशीला झालं ते पोट्ट्यांना होणार. यात तर्काची चूक काढणं कठीण आहे. निदान पिपळखुटीत कोणाला काढता आली नाही, आणि मुलीकडच्यांना काढायची गरज नव्हती. त्या हंगामात गावात पोरगा बघायला आलेल्या मंडळींची संख्या एकतीसवरून चारवर आली. (चारपैकी तिघांना पुढच्या गावी जायचं होतं.) शेती असलेल्या पोराला आधीच कोणी मुलगी देत नाही, त्यात हे. गावातले बाप लोक कक्षावर चालून आले आणि आमचे पोरं बिघडलेले नाहीत असं लिहून द्या म्हणाले.

लिहून देणं हे आमचं कामच आहे. 'अबाधित नर प्रमाणपत्र, नमुना सात' तयार करण्यासाठी समितीची बैठक बोलावण्यात आली. अरुंधती मॅडमनी आधी सांगितलं की माशीचं जनुक संत्रं खाऊन माणसाला लागत नाही.

"ते आमाले समजते मॅडम," भैय्याजी म्हणाले, "मुलीकडच्यायले कोन समजवन?"

"मग त्या पोरांची वीर्यतपासणी करा. अर्ध्या तासाचं काम आहे. सुई नाही, चीर नाही, दुखत नाही."

दोन सदस्यांना एकाच वेळी फोन आले, जे वाजले नव्हते. एका सदस्याने पंखा कमी करायला सांगितलं. महिना डिसेंबरचा होता आणि पंखा बंदच होता. भैय्याजींनी मॅडमच्या सूचनेची नोंद न घेण्याची नोंद घ्यायला सांगितलं आणि पर्याय मागवले. पर्याय आले ते असे: अर्जदाराचा छातीपर्यंतचा फोटो, मिशीसह; वडिलांचं शपथपत्र; अर्जदार किती क्विंटलचं पोतं उचलतो याबद्दल तलाठ्याचा दाखला; आणि गावातल्या पाच पंचांनी 'पोरगा चांगला आहे' असं एकमुखाने म्हणणं. सगळे पर्याय चांगले होते, पण शास्त्रीय वाटत नव्हते.

तेव्हा, स्वतःची स्तुती करू नये तरी सांगतो, तोडगा मी काढला. पत्नी ही अर्धांगिनी. म्हणजे तिची तपासणी झाली की पतीची निम्मी आपोआपच झाली. ज्या घरात मूल नाही त्या घरात पत्नीचे अहवाल आधीच तयार असतात, नव्याने कोणाला त्रास नाही. सबब पत्नीचे अहवाल सामान्य असतील, तर पती अबाधित समजावा. अविवाहितांसाठी आईचं पत्र. ठराव एकमताने मंजूर झाला. मॅडम तोपर्यंत उठून गेल्या होत्या, म्हणून एकमत.

पहिल्या आठवड्यातच रामाजी आले. पिपळखुटीचे मोठे बागायतदार, गळ्यात पांढरा दुपट्टा, सोबत मुलगा पियुष आणि सून अपेक्षा. पियुषच्या लग्नाला पाच वर्षं झाली होती, मूल नव्हतं. अपेक्षाला सोडचिठ्ठी देऊन पियुषचं दुसरं लग्न करायचं घरात ठरलं होतं, मुलगीही बघून झाली होती. माशीची भानगड ऐकून त्या मुलीच्या बापाने नमुना सात मागितला. पाच वर्षांत पियुषविषयी कोणी काही विचारण्याची ही पहिलीच वेळ होती. नमुन्याप्रमाणे पत्नीचे अहवाल हवेत आणि प्रत्येकावर पत्नीची सही हवी, म्हणून अपेक्षाला आणलं होतं. तिला सोडण्याच्या कामासाठी तिचीच सही लागत होती आणि हे तिला पूर्ण माहीत होतं. मी तिला खुर्ची दिली. नियमात नाही, पण दिली.

तिने कापडी पिशवीतून फाईल काढून टेबलावर ठेवली.

"चवदा आहेत. मोजून घ्या साहेब."

मी मोजले. रक्ताचे पाच, सोनोग्राफीचे सहा, नळ्यांत औषध सोडून काढलेला एक्स-रे, पोटात दुर्बीण घालून केलेली तपासणी, आणि ती नीट झाली नव्हती म्हणून पुन्हा घातलेली दुर्बीण. चौदाच्या चौदा सामान्य. माझ्या पूर्ण सेवेत मी इतकी व्यवस्थित फाईल पाहिलेली नाही, तारखेप्रमाणे लावलेली, एकाही कागदाचा कोपरा दुमडलेला नाही.

"आता यायच्या नावाचा एखांदा कागद दिसते का पाहा बरं," ती म्हणाली.

मी बघितलं. एक होता. धरमपेठेतल्या एका पॅथॉलॉजीची नंबराची चिठ्ठी, नंबर नऊ.

"आठ नंबर पुकारला, अन् हे म्हणे चहा पिऊन येतो. मी दोन घंटे बसून राहिली. घरीच भेटले मंग."

पियुष खिडकीबाहेर बघत होता. खिडकीबाहेर आमच्या कक्षाची सायकल स्टँडची भिंत आहे, तिच्यावर बघण्यासारखं काही नाही.

अपेक्षाने पेन हातात घेतला. "साहेब, चवदा जागी सही देतो म्हणा. पन माहाही एक अर्ज घ्या. यायची एक डाव तपासनी करा. चांगली निंगू द्या नाहीतर खराब निंगू द्या, मी भांडनार नाही, चुपचाप निंगून जाईन. पन माह्यात काई कमी होती का नोती, हे मले समजू द्या. पाच वर्सं झाले, सारं गाव मले सांगून राह्यलं. मले एका कागदावर पाह्यजे."

मी पाणी प्यायलो.

पियुष वळला. "बाबा, करून घेतो ना एक डाव. काय होते त्याच्यात..."

"काय करून घेतं?" रामाजी कडाडले. "डबी घेऊन लायनीत उभा राह्यतं? आपल्या सात पिढ्यायत कोनी गेला नाही गा!"

हा युक्तिवाद बिनतोड होता. सात पिढ्यांना मुलं झाली होती, हे पियुष समोर उभा असल्यावरून सिद्धच होत होतं. पियुष पुन्हा भिंत बघू लागला.

अपेक्षाच्या अर्जाबाबत मी नियम तपासले. पत्नीने पतीच्या तपासणीसाठी करावयाच्या अर्जाचा नमुना उपलब्ध नाही. नमुना नसल्याने अर्ज घेता येत नाही. नमुना तयार करावा असा प्रस्ताव मी वर पाठवू शकतो असं मी तिला सांगितलं आणि खरोखर पाठवलाही. तो विचाराधीन आहे.

"तुमाले लेकरं किती साहेब?" तिने विचारलं.

प्रश्न अप्रस्तुत असल्याचं मी तिच्या निदर्शनास आणलं. (आमच्या सौ. वंदनाची फाईल घरी लोखंडी कपाटात आहे. तिच्यात नऊच अहवाल आहेत, कारण नवव्यानंतर तिने सांगितलं की आता पुरे.)

एवढ्यात अरुंधती मॅडम आवाज ऐकून आत आल्या. त्यांनी फाईल चाळली, नऊ नंबरची चिठ्ठी बघितली, दुसऱ्या लग्नाचं ऐकलं. मग रामाजींना म्हणाल्या, "म्हणजे तपासणी तर तुम्ही करूनच राहिले काकाजी. आम्ही नराची तपासणी अशीच करतो, त्याच्यासोबत नवी मादी ठेवून. फक्त आम्ही माश्या वापरतो, तुम्ही लोकांच्या पोरी वापरून राहिले."

रामाजींना यातलं पहिलं वाक्य आवडलं. "पाहा," ते मला म्हणाले, "मॅडम बी तेच म्हनून राह्यल्या."

दाखला त्याच दिवशी तयार झाला. मजकूर असा: 'अर्जदाराच्या पत्नीचे चौदाही अहवाल सामान्य असल्याने अर्जदार सर्वार्थाने सक्षम व माशीपासून अबाधित असल्याचे प्रमाणित करण्यात येते.' अपेक्षाने तो पूर्ण वाचला आणि हसली. रडली असती तर आमच्याकडे त्याची सवय आहे, पाण्याचा ग्लास पुढे करतात. हसण्यासाठी काय करतात ते मला सुचलं नाही. तिने चौदा सह्या केल्या आणि मूळ अहवाल जमा झाले.

पुढचं थोडक्यात. सोडचिठ्ठी झाली. (दोघांच्या संमतीने. रामाजींच्या आणि भैय्याजींच्या.) अपेक्षा बुटीबोरीला एका सूतगिरणीत लागली. वैशाखात पियुषचं लग्न रितिकाशी झालं, आणि मुलीच्या बापाने दाखला लग्नाच्या मंडपात सगळ्यांना दाखवला. आमच्या कक्षाचा शिक्का मंगलकार्यात दिसावा, हा मी सेवेतला सन्मान समजतो.

दाखला एक वर्षासाठी वैध असतो. यंदाच्या वैशाखात रामाजी नूतनीकरणाला आले, रितिकाला घेऊन. तिच्या बापानेच आता पुन्हा दाखला मागितला होता, कारण वर्ष होऊन गेलं आणि घरात बातमी नव्हती. रितिकाच्या हातात नवी फाईल होती, सहा अहवालांची. सहाही सामान्य. मी रामाजींना समजावलं की नमुन्यात दुर्बिणीचा अहवालही लागतो, मागच्या वेळेस होता. रितिकाने टेबलावरची फाईल उचलून परत छातीशी धरली. तेवीस वर्षांची पोर आहे.

योगायोगाने त्याच दिवशी अपेक्षा आली होती. सूतगिरणीला सुट्टी होती आणि तिला तिचे मूळ अहवाल परत हवे होते. (मूळ प्रती परत देण्याची तरतूद नाही. मी तिला छायांकित प्रतींचा संच काढून दिला होता.) तो घेऊन निघालेली ती रामाजींना बघून दाराशीच थांबली. रामाजींनी तोंड फिरवलं. पियुष आलाच नव्हता, त्याला म्हणे बागेत काम होतं.

अपेक्षा सरळ आत आली आणि रितिकाच्या शेजारी बसली.

"दाव वं," म्हणाली. रितिकाने फाईल दिली. अपेक्षाने एकेक कागद उलटला, सहाच्या सहा वाचले. या क्षेत्रात तिचं वाचन कोणत्याही डॉक्टरएवढं आहे. शेवटचा कागद वाचून झाल्यावर तिने डोळे पुसले.

"तुह्यातही काई नाही वं," ती म्हणाली. "म्हंजे माह्यातही नोतं."

मग तिने रितिकाला विचारलं, "राह्यली कोनती?"

"दुर्बीनीची."

"लय दुखते थे. नको करू." आणि तिने आपल्या छायांकित प्रतींचा संच तिच्या फाईलमध्ये घातला. "साहेब, तुमच्या फारमावर पत्नीचे रिपोर्ट लावा म्हनून लिवलं आहे. कोनती पत्नी ते लिवलं आहे काय?"

मी नमुना सात उघडून वाचला. पुन्हा वाचला. पत्नीच्या नावाचा रकाना नव्हता. नमुना मीच तयार केला होता आणि त्या वेळी पत्नीच्या नावाची गरज मला, समितीला किंवा भैय्याजींना भासली नव्हती. अर्ज स्वीकारण्यावाचून गत्यंतर नव्हतं. अपेक्षाच्या चौदा अहवालांवर पियुष दुसऱ्यांदा अबाधित ठरला. रितिकाची दुर्बीण टळली. दोघी पायऱ्या उतरून समोरच्या टपरीवर चहा प्यायला गेल्या, आणि रामाजी आमच्या व्हरांड्यात सुनेची वाट बघत तासभर उभे राहिले.

जाताना त्यांनी मला विचारलं की मॅडमच्या वहीत नराला नव्या माद्या किती देतात. तीन, मी सांगितलं. "मंग अजून दोन बाकी आहेत," ते म्हणाले आणि त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं.

ही गोष्ट पिपळखुटीत पोचायला एक दिवस लागला. रितिकाने फाईल शेजारणीला दिली, शेजारणीने नणंदेला. आता आमच्या कक्षासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात 'अपेक्षा संच' म्हटलं की चौदा पानं हातात मिळतात. गेल्या दोन महिन्यांत दोनशे एक्केचाळीस पुरुष या संचावर अबाधित ठरले आहेत, त्यांपैकी सत्तावीस अविवाहित आणि एक पंचाहत्तर वर्षांचा. तालुक्यात बायकांच्या तपासण्या निम्म्यावर आल्या. पुरुषांच्या पूर्वीइतक्याच आहेत, म्हणजे शून्य. एक दाखला मीही काढून घेतला. वंदनाने तो वाचला आणि अपेक्षा कोण, असं विचारलं. सरकारी बाब आहे, मी म्हणालो. तिने दाखला माझ्या ताटाशेजारी ठेवला, म्हणाली, "आपल्या घरात माझे नऊ कागद पडून होते, तर दुसरीचे कशाला आणले?" आणि ती न जेवता उठली.

आता तुमच्याविषयी. इथवर वाचताना तुम्ही रामाजींना हसलात, पियुषची कीव केलीत, आणि मला मनात दोन-चार शिव्या घातल्यात. हरकत नाही, सरकारी नोकराला तेवढं चालतं. तुम्ही शिकलेले आहात, तुमच्या घरी असलं काही होत नाही. फक्त एक माहिती द्या. लग्नाला तीन-चार वर्षं झालेलं एखादं जोडपं तुमच्याकडे जेवायला आलं होतं, आणि तुम्ही अगदी प्रेमाने विचारलं होतंत, "मग, काही गोड बातमी?" विचारताना तुम्ही दोघांपैकी कोणाकडे बघितलं होतंत? दाखला तिथेच दिला गेला, आम्ही नंतर नुसता शिक्का मारतो. असे दाखले तुमच्या हातून आजवर किती गेले तेवढं कळवा. वार्षिक अहवालात तो एकच आकडा भरायचा राहिला आहे.